एक घोट घेतला म्हणून सगळं वाया जात नाही

गोव्यात डिचोली-पेडण्याकडे घरोघरी ऐकू येतं: 'सोडलेली दारू पुन्हा ओठाला लागली की संपलं, आता हा सुटायचा नाही.' हे खरं नाही. उलट याच समजुतीपायी माणूस एका ग्लासावरून अख्ख्या बाटलीवर जातो.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांच्या डायलेक्टिकल बिहेवियर थेरपीत, म्हणजे भावना आणि आवेग सांभाळायला शिकवणाऱ्या मानसोपचार पद्धतीत, निर्धार पूर्ण बंदचाच असतो. पण पाय घसरलाच, तर स्वतःला शिव्याशाप न देता लगेच सावरायला शिकवतात. तल्लफ अनावर झाली की श्वास रोखून थंडगार पाण्यात चेहरा बुडवायचा. हृदयाची गती मंदावते, आवेग ओसरतो. (हृदयविकार असेल तर डॉक्टरांना विचारूनच.) शिगम्यात (गोव्याच्या होळीच्या सणात) कुणी ऊर्राक, म्हणजे काजूची दारू, पुढे केली तर नाही कसं म्हणायचं, याचाही आधीच सराव होतो.

रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र दारू एकाएकी तोडू नये, झटके येऊ शकतात. आधी बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत दाखवा.