१०० मीटरचे बंधन येते कुठून?

इथरनेट म्हणजे संगणक तारेने एकमेकांना जोडण्याची पद्धत. तिची तांब्याची केबल १०० मीटरपेक्षा लांब टाकू नये, हा नियम लॅन (एका इमारतीतले संगणकांचे जाळे) जोडणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ असतो. सुरुवातीच्या इथरनेटमध्ये जाळ्याची लांबी मात्र वेगळ्याच कारणाने ठरत असे.

१९८३च्या पहिल्या प्रमाणित इथरनेटमध्ये सगळे संगणक एकाच जाड केबलवर लटकलेले असत आणि दोघे एकदम बोलू लागले की संदेशांची टक्कर होई. ही टक्कर आपला संदेश संपण्याआधीच पाठवणाऱ्याला कळणे आवश्यक होते. सर्वांत लहान संदेश ५१२ बिटचा. सेकंदाला १ कोटी बिट या वेगाने तो पाठवायला ५१.२ मायक्रोसेकंद लागतात, आणि तेवढ्यात संकेताने दुसऱ्या टोकाला पोहोचून टकरीची खबर परत आणायची. केबलमध्ये संकेताला मीटरमागे सुमारे ५ नॅनोसेकंद लागतात. केबलचा एक तुकडा ५०० मीटरपर्यंत चाले, आणि तुकडे जोडणाऱ्या रिपीटरांचा (संकेत पुन्हा जोमदार करून पुढे पाठवणाऱ्या उपकरणांचा) विलंब धरून संपूर्ण जाळ्याला २,५०० मीटर अशी मर्यादा ठरली. वेग दहापट झाला तेव्हा हाच अवधी ५.१२ मायक्रोसेकंदांवर आला आणि हब (सगळ्या केबल एकत्र जोडणारी पेटी) वापरणाऱ्या जाळ्याची दोन टोके जेमतेम २०० मीटर अंतरावर राहू शकत.

पुढे हबच्या जागी संदेश नेमक्या संगणकाकडेच पाठवणारे स्विच आले, प्रत्येक संगणकाला स्वतंत्र केबल आणि ये-जा एकाच वेळी करण्याची सोय मिळाली, टक्कर उरलीच नाही. मग १०० मीटर का? कारण इथे प्रश्न वेळेचा नसून क्षीणतेचा, म्हणजे वाटेत संकेत कमजोर होण्याचा आहे. कॅट ५ई (केबलच्या दर्जाची एक श्रेणी) केबलच्या १०० मीटर जोडणीत १०० मेगाहर्ट्झला २४ डेसिबलपर्यंत घट चालते, म्हणजे पलीकडे शक्तीचा जवळपास अडीचशेवा भाग पोहोचतो. त्यात त्याच केबलमधल्या तारांच्या शेजारच्या जोड्यांतून झिरपलेले संकेत मिसळतात. या १०० मीटरपैकी ९० मीटर भिंतीतल्या पक्क्या केबलला आणि उरलेले १० मीटर दोन्ही टोकांच्या लवचिक पॅच कॉर्डना दिलेले असतात, कारण बारीक तारांच्या या कॉर्डमध्ये घट अधिक होते.

१०५ मीटरला जोडणी तुटत नाही, आणि खरा घोळ इथेच होतो: स्विचचा दिवा लागलेला असतो, पण चुका वाढतात आणि वेग अधूनमधून घसरतो. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या स्वस्त केबलला तर १०० मीटरचा हिशेब लागूच नाही, कारण तिचा रोध जास्त असतो.

वेग वाढवला की वारंवारता वाढते आणि अंतर घटते. सेकंदाला १० गिगाबिट हवे असतील तर कॅट ६ केबल साधारण ५५ मीटरपर्यंतच भरवशाची. १०० मीटरसाठी कॅट ६ए लागते. उलट २०१९मध्ये कारखान्यांतील उपकरणांसाठी आलेल्या एका मानकात वेग पुन्हा १० मेगाबिटवर आणला आहे, आणि तिथे तारांची एकच जोडी १,००० मीटर जाते.