हॅग्लर–लेनर्ड लढत (१९८७) : गुणदानाचा वाद

लास व्हेगास येथे ६ एप्रिल १९८७ रोजी मार्व्हिन हॅग्लर आणि शुगर रे लेनर्ड यांच्यात झालेली मध्यम वजनगटाची जागतिक विजेतेपदाची लढत. बारा फेऱ्यांनंतर लेनर्ड दोन विरुद्ध एक पंच अशा फरकाने जिंकला. त्या निकालावरून मुष्टियुद्धाचे शौकीन अजूनही हमरीतुमरीवर येतात.

हॅग्लर १९८० पासून विजेता होता. लेनर्डच्या डोळ्याचा पडदा १९८२ मध्ये सुटला होता आणि त्यानंतर तो एकदाच, १९८४ साली, रिंगमध्ये उतरला होता. मात्र करार करताना पंधराऐवजी बाराच फेऱ्या त्याने पदरात पाडून घेतल्या. एरवी डावखुऱ्या पवित्र्यात लढणारा हॅग्लर सुरुवातीला उजव्या पवित्र्यात उभा राहिला आणि पहिल्या दोन्ही फेऱ्या गमावून बसला.

फेरी जिंकणाऱ्याला १० गुण, हरणाऱ्याला बहुधा ९. नेमके लागलेले ठोसे, परिणामकारक चढाई, बचाव आणि रिंगवरची हुकमत हे निकष. पण कशाला किती वजन द्यायचे ते पंचावर सोडलेले. खरी गोम इथेच आहे. हॅग्लर सतत अंगावर चालून जाई, त्याचे ठोसे जड होते. लेनर्ड गोल फिरत निसटे आणि फेरी संपता संपता हलक्या, झटपट ठोशांची सरबत्ती करी. त्यातले बरेचसे हॅग्लरच्या हातांवर आदळत. प्रेक्षक मात्र जल्लोष करत.

लू फिलिपो यांनी ११५–११३ असा कौल हॅग्लरला दिला, डेव्ह मोरेटी यांनी तेवढ्याच गुणांनी लेनर्डला. होसे ग्वेरा यांनी लेनर्डला ११८–११०, म्हणजे तब्बल दहा फेऱ्या दिल्या. सगळा राग याच आकड्यावर निघतो. तो आकडा अतिरेकी आहे खरा, पण ग्वेरा यांनी ११५–११३ लिहिले असते तरी निकाल तोच लागता. निर्णायक ठरली ती मोरेटींची गुणपत्रिका. तिथे एकच फेरी हॅग्लरकडे झुकती, तर ११४–११४ होऊन लढत बरोबरीत सुटती आणि बरोबरीत विजेतेपद विजेत्याकडेच राहते. वाद घालायचाच, तर त्या एका फेरीवर घालावा.

ग्वेरा यांच्या जागी आधी ब्रिटिश पंच हॅरी गिब्ज यांचे नाव होते. त्यांना हरकत घेतली ती हॅग्लरच्याच गोटाने. आपण लढत हॅग्लरला दिली असती, असे गिब्ज यांनी नंतर सांगितले.

हॅग्लरने परतीच्या लढतीची वाट पाहिली, ती जमली नाही, आणि १९८८ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. मार्च २०२१ मध्ये तो वारला. आपण हरलो हे त्याने कधीच मान्य केले नाही.