फिट, झटके, थरथर: आमच्या ग्राहकांसाठी थोडी माहिती

औषधं घ्यायला आलेले बरेच जण काउंटरवर हळूच विचारतात, "वर्षभरात एकदाही फिट आली नाही, आता गोळी बंद केली तर चालेल ना?" कृपया असं करू नका. फिट थांबली आहे ती बहुतेक वेळा गोळीमुळेच. डोस चुकणं किंवा गोळी अचानक सोडणं हे फिट परत येण्याचं अगदी नेहमीचं कारण आहे. गणपतीत विशेष जपा. विसर्जनाची मिरवणूक रात्रभर चालते, जागरण होतं आणि रात्रीची गोळी राहून जाते. नुसत्या जागरणानेही फिट येऊ शकते.

फिट आली म्हणजे मिरगीच, असंही नाही. फिट येण्याची इतरही कारणं असतात. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना तापात झटके येतात. इन्सुलिन घेऊन जेवण चुकलं की साखर उतरते. वयस्कर माणसांना बीपीसाठी लघवीची गोळी चालू असेल तर सोडियम घटू शकतं. रोजची दारू एकदम बंद केली की पहिले दोन दिवस धोक्याचे. डोक्याला मार, पक्षाघात, मेंदूतली गाठ ही कारणं आहेतच. फीतकृमीची अंडी पोटात गेली तर अळ्या मेंदूत पोचू शकतात, अगदी शाकाहारी माणसाच्याही. म्हणून कोथिंबीर, मुळा, कोबी कच्चे खाताना नीट धुऊन घ्या. आणि देवघरातला कापूर लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. तो गिळला तर काही मिनिटांत झटके येऊ शकतात.

पापणी लवणं, पोटऱ्यांत गोळे येणं सहसा साधं असतं. झोप कमी आणि चहा-कॉफी जास्त होत नाही ना, ते बघा. दम्याच्या सालब्युटामॉल पंपाने हात थरथरतात. मात्र उलटीच्या मेटोक्लोप्रामाइडनंतर मान वाकडी झाली किंवा डोळे वर गेले, तर औषधाचं पाकीट घेऊन लगेच डॉक्टरांकडे जा.

फिट आलेल्या माणसाला कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, दातांत चमचा घालू नका, हातपाय दाबून धरू नका. डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही, शुद्ध न येता पुन्हा आली, आयुष्यात पहिल्यांदाच आली किंवा बाई गरोदर असेल, तर 108 ला फोन करा.

फिटच्या गोळ्या आठवडाभराच्या उरल्या की आम्हाला सांगा, म्हणजे त्याच कंपनीच्या मागवून ठेवता येतील. दुसऱ्या कंपनीची घ्यायची वेळ आलीच, तर आधी डॉक्टरांना विचारा.