खुंटातून उठलेलं रान

दसऱ्याला हातात येणारं आपट्याचं पान, मधोमध दुभंगलेलं, कुणीही ओळखेल. नायजर देशाच्या दक्षिणेत वाळूत वाढणाऱ्या एका झुडपाचं पान जवळपास तसंच असतं. हौसा भाषेत त्याला कालगो म्हणतात. आपट्याचं सख्खं चुलत भावंडच. साहेल म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेचा कोरडा पट्टा. तिथली एक मोठी उलथापालथ या झुडपापाशी सुरू झाली.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला टोनी रिनॉडो हा ऑस्ट्रेलियन शेतीतज्ज्ञ तिथल्या मराडी भागात झाडं लावत होता. रोपवाटिकेत वाढवलेली रोपं शेतात लावायची आणि बहुतेक मरताना पाहायची, असं चाललेलं. उन्हातून वाचली तर शेळ्या होत्याच. १९८३ मध्ये एकदा टायरमधली हवा कमी करायला तो वाळूच्या रस्त्यावर थांबला. समोर नेहमीचंच झुडूप. जवळ जाऊन पान निरखलं तेव्हा उलगडलं, की हे झुडूप नव्हेच, तोडलेल्या झाडाच्या खुंटाला फुटलेले धुमारे आहेत. असे जिवंत खुंट शेताशेतांत होते. दरवर्षी पेरणीआधी शेतकरी फुटवे कापायचे, खुंट पुन्हा फुटायचा.

रोपाला ओल गाठेपर्यंत जीव धरून राहावं लागतं. खुंटाची मुळं आधीच खोल गेलेली असतात आणि त्यांत पिष्टाची शिदोरी असते. फुटवे वीस असले तर ती वीस तोंडांत वाटली जाते नि कुणीच मोठं होत नाही. त्यातले चार-पाच सरळ फोक राखायचे, बाकीचे छाटायचे, राखलेल्यांच्या खालच्या फांद्या काढायच्या. अवजार एकच, कोयता. छाटलेलं जळणाला आणि जनावरांना.

इतकं सोपं होतं तर आधी का झालं नाही? याचं उत्तर वनस्पतिशास्त्रात नाही, कागदात आहे. फ्रेंच वसाहतीच्या काळापासून झाडं सरकारची. स्वतःच्या शेतातलं झाड तोडलं तरी दंड. मग फुटवा कोवळा असतानाच उडवलेला बरा, हा हिशेब अगदी शहाणपणाचा होता. शिवाय चांगला शेतकरी म्हणजे शेत लख्ख ठेवणारा, ही समजूत. १९८४च्या दुष्काळात धान्याच्या मोबदल्यात फुटवे राखायचं काम निघालं. धान्य थांबलं तशी बरीच झाडं पुन्हा तोडली गेली. काहींनी मात्र ठेवली. पुढे वनखात्याचा हात सैल झाला, शेतकरी शेतातलं झाड आपलं मानू लागला आणि लाकूडचोरी, मोकाट गुरं यांवर गावागावांनी आपले नियम बसवले. हे ऐकत ऐकत, पाहत पाहत पसरलं. शेजारच्या झिंदर भागात तर बहुतांश शेतकऱ्यांनी हे कुठल्याही प्रकल्पाशिवाय केलं.

जुनी हवाई छायाचित्रं आणि नवी उपग्रहचित्रं शेजारी ठेवून अभ्यासकांनी अंदाज बांधला तो सुमारे ५० लाख हेक्टर जमीन आणि २० कोटी झाडं असा. वस्ती वाढली की झाडं जातात असं आपण धरून चालतो. इथे मात्र दाट वस्तीच्या पट्ट्यातच झाडं वाढलेली दिसली. ऐंशीच्या दशकानंतर पाऊसही थोडा सुधारला होता, हे खरं. पण तोच पाऊस मिळूनही राखण न झालेली शेतं उघडीच राहिली, म्हणून मी तरी श्रेय कोयत्यालाच देईन.

या शेतांतलं पीक म्हणजे बाजरी. आपल्या भाकरीची बाजरी मुळात याच साहेलची, हजारो वर्षांपूर्वी इकडे आलेली. पूर्वी पेरणीनंतर वारा वाळू उडवून कोवळे कोंब गाडायचा. दुबार काय, कधी तिबार पेरणी व्हायची. झाडांनी वाऱ्याचा जोर मोडला.

पण झाडाची सावली पिकाला बाधत नाही? इथे गाओ कामी येतो. हा आपल्या बाभळीच्या कुळातला काटेरी वृक्ष, पण त्याचं पंचांग उलटं. पावसाळ्यात उघडाबोडका, कोरड्या दिवसांत हिरवागार. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र बांधतात, ते पानांत उतरतं. उन्हाळ्यात गुरं त्याच्या सावलीला बसतात, शेणखत तिथेच पडतं. शेंगा शेळ्या वेचून खातात. जूनच्या आसपास पहिला पाऊस पडला की तो पानं गाळू लागतो. खाली नुकत्याच उगवलेल्या बाजरीच्या ओळी, वर नुसत्या फांद्या, आणि त्यांतून सरळ कोंबांवर उतरणारं ऊन.