लहान कॅलिबरची गोळी : मारकता आणि गैरसमज

लहान कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने सहा मिलिमीटर किंवा त्याहून कमी व्यासाची गोळी. पॉइंट टू-टू रायफलची गोळी (५.६ मि.मी.), एअरगनचा ४.५ मि.मी.चा छर्रा आणि भारतीय लष्कराच्या इन्सास रायफलची ५.५६ मि.मी.ची गोळी या तिन्ही या व्याख्येत बसतात, पण मारकतेच्या बाबतीत त्या एका घरातल्या नाहीत. विदर्भाच्या खेड्यांत हा विषय बहुधा रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांच्या अंगाने निघतो. तूर-हरभऱ्याच्या जागलीला जाणाऱ्याच्या हाती कुठे एअरगन असते, कुठे पीक संरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोअर (काडतुसाची छर्ऱ्याची बंदूक), आणि गडचिरोली-मेळघाटाच्या जंगलपट्ट्यात अजूनही एखादी भरमार, म्हणजे नळीच्या तोंडाकडून दारू आणि छर्रे ठासून भरायची बंदूक. त्यामुळे या नोंदीत छर्ऱ्याच्या बंदुकीचाही विचार केला आहे.

व्यास, वजन आणि वेग

कॅलिबर हे फक्त गोळीच्या जाडीचे माप आहे. गोळी किती ऊर्जा घेऊन निघते हे तिचे वजन आणि वेग यांवर ठरते, आणि सूत्रात वेगाचा वर्ग होत असल्याने वेगाचा भार जास्त. पॉइंट टू-टू लाँग रायफल या १८८७ साली निघालेल्या काडतुसाची नेहमीची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅमची. ती सेकंदाला सुमारे ३३० मीटर वेगाने सुटते आणि तिची ऊर्जा १४० जूलच्या आसपास भरते. इन्सासची गोळी जवळपास तेवढ्याच जाडीची, वजन ४ ग्रॅम, पण वेग सेकंदाला ९०० मीटर. ऊर्जा १,६०० जूलच्या वर, म्हणजे अकरा-बारा पट. एके-४७ची ७.६२ मि.मी.ची गोळी सुमारे ८ ग्रॅमची, वेग ७१५ मीटर, ऊर्जा २,००० जूल. बारा बोअरच्या काडतुसातले ३२ ग्रॅम छर्रे ४०० मीटर वेगाने निघाले तर सगळ्यांची मिळून ऊर्जा अडीच हजार जूल होते. मात्र ती छर्ऱ्या-छर्ऱ्यांत वाटलेली असते. परवान्यावर मिळणाऱ्या पॉइंट थ्री-टू रिव्हॉल्व्हरची गोळी टू-टूपेक्षा बरीच जाड दिसते, पण तिची ऊर्जा टू-टू रायफलीच्या जवळपासच असते. हे ऐकून भल्याभल्या परवानाधारकांना पटत नाही.

तरीही ऊर्जेचा आकडा म्हणजे मारकता नव्हे. गोळी ज्या वाटेने जाते तिथले मांस, रक्तवाहिनी, हाड ती चिरडते. ही कायमची पोकळी. तिच्या भोवतीचे मांस क्षणभर बाजूला फेकले जाऊन परत जागेवर येते; ही तात्पुरती पोकळी. स्नायू, फुप्फुस, कातडी लवचीक असल्याने मंद गोळीच्या तात्पुरत्या पोकळीने त्यांचे फारसे बिघडत नाही. यकृत आणि मेंदू मात्र ताण सोसत नाहीत, फाटतात. सॅन फ्रान्सिस्को येथील अमेरिकी लष्करी प्रयोगशाळेत डॉ. मार्टिन फॅक्लर यांनी १९८०च्या दशकात जिलेटिनच्या ठोकळ्यांवर गोळ्या झाडून हे पद्धतशीर मांडले आणि 'धक्क्याच्या लाटेने माणूस मरतो' या समजाचा पायाच काढून घेतला. टू-टूच्या जखमेत जवळजवळ सगळे नुकसान कायमच्या पोकळीचे असते. ती पोकळी अरुंद असते. पण मांडीतली किंवा मानेतली मोठी धमनी चिरायला अरुंद पोकळीही पुरते.

"बावीसच्या गोळीने काय होते?"

टू-टूच्या, म्हणजे बोलीतल्या 'बावीस'च्या, गोळीने काही होत नाही, हाच सर्वांत घातक गैरसमज. ५ जून १९६८ रोजी अमेरिकी नेते रॉबर्ट केनेडी यांच्यावर झाडलेल्या गोळ्या टू-टू रिव्हॉल्व्हरच्या होत्या. ते दुसऱ्या दिवशी वारले. ३० मार्च १९८१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांना लागलेली टू-टूचीच गोळी मोटारीवर आपटून, चपटी होऊन डाव्या काखेखालून आत शिरली आणि हृदयापासून इंचभरावर थांबली. गोळी लागल्याचे त्यांना स्वतःलाही कळले नव्हते. रुग्णालयात चालत शिरल्यावर ते कोसळले, तोवर फुप्फुसातून बराच रक्तस्राव झाला होता. गांधीजींवर ३० जानेवारी १९४८ रोजी झाडलेल्या तीन गोळ्या ९ मि.मी. शॉर्टच्या होत्या. व्यास मोठा असला तरी पिस्तुलांच्या जगात हे काडतूस हलकेच मानतात.

रेगन यांचे उदाहरण गावच्या दवाखान्यासाठी जास्त शिकण्यासारखे आहे. टू-टूची जखम बाहेरून मसुराच्या दाण्याएवढी दिसते, कातडी आखडून भोक आणखी बारीक होते आणि रक्त बाहेर न येता छातीत वा पोटात साठते. रुग्ण बोलतो, पाणी मागतो, आणि तासाभरात नाडी सापडेनाशी होते. शरीरात रक्त वजनाच्या किलोमागे सुमारे ७० मि.लि. असते. पन्नास किलोच्या शेतमजुराच्या अंगात साडेतीन लिटरच. त्यातले दीड लिटर पोटात गेले तरी बाहेरचा सदरा जेमतेम ओला झालेला असतो.

उलट बाजूचा गैरसमजही आहे : टू-टू कोणत्याही जनावराला पुरते. कॅनडात अल्बर्टा येथे बेला ट्विन या स्त्रीने १९५३ साली एकबारी टू-टू रायफलीने प्रचंड ग्रिझली अस्वल मारले, हा दाखला नेहमी दिला जातो. दाखला खरा आहे. पण तिने अगदी जवळून डोक्यात मारले आणि खात्रीसाठी आणखी गोळ्या घातल्या, हे सांगायचे राहून जाते. रानडुकराच्या खांद्यावर जाड चिवट कातडीची ढालच असते. हलक्या गोळीने ते मरत नाही, जखमी होऊन नाल्यात किंवा पऱ्हाटीत दडते आणि सकाळी कापूस वेचायला आलेल्या बायांवर धावते. हृदयाच्या चिंध्या झाल्या तरी मेंदूत उरलेल्या प्राणवायूवर जनावर दहा-पंधरा सेकंद पळू शकते, म्हणून 'लागली असती तर जागीच पडले असते' हा तर्कही चुकीचा.

एअरगन : खेळणे नव्हे

अर्धा ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १८० मीटर वेगाने सुटला तर ऊर्जा ८ जूल होते. शस्त्र नियम, २०१६ नुसार ४.५ मि.मी. बोअर आणि २० जूलच्या आतल्या एअरगनला परवाना लागत नाही, आणि 'परवाना नाही म्हणजे धोका नाही' असे लोकांनी त्यातून परस्पर ठरवून टाकले आहे. कातडी फोडायला असल्या छर्ऱ्याला सेकंदाला सुमारे १०० मीटर वेग पुरतो. डोळा फुटायला त्याच्या निम्म्याहूनही कमी. लहान मुलाची कानशिलाजवळची कवटी आणि बरगड्यांमधली जागा पातळ असते, तिथून छर्रा आत शिरून मृत्यू झाल्याची प्रकरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. एअरगनने माकडे हाकलताना छर्रा फांदीवर किंवा पत्र्यावर आपटून परततो, हा धोका संत्र्याच्या बागेत विशेष.

गोळी कुठवर जाते

टू-टूची गोळी 'शंभर मीटरनंतर मरते' असे सर्रास म्हणतात. शंभर मीटर ही नेम धरण्याची मर्यादा झाली. नळी तीसेक अंश वर धरली तर गोळी दीड किलोमीटरच्या आसपास जाऊन पडते. वऱ्हाडच्या सपाटीवर तेवढ्या अंतरात दोन-चार शेतांतले मांडव आणि त्यांतले जागलकरी येतात. तुराट्यांचा कूड गोळीला अडवत नाही, टिनाचा पत्राही नाही. जाड मातीची भिंत अडवते. उन्हाळ्यात तापून कडक झालेली काळी जमीन, मुरूम, दगडी बांध आणि तळ्याचे पाणी यांवर कमी कोनात लागलेली गोळी उसळते, आणि उसळल्यावर कुठे जाईल ते सांगता येत नाही. मचाणावरून खाली रोखलेली बंदूक त्या मानाने बरी, कारण गोळी मातीत रुतते. जमिनीवर उभे राहून, बॅटरीच्या झोतात नुसते चमकणारे डोळे पाहून टाकलेला बार सर्वांत वाईट. त्या डोळ्यांमागे काय आहे ते अंधारात दिसत नाही.

छर्ऱ्यांचे गणित वेगळे. छर्ऱ्याचा व्यास इंचात घेऊन २,२०० ने गुणला की तो जास्तीत जास्त किती यार्ड जाईल ते ढोबळमानाने कळते. सहा नंबरचा बारीक छर्रा २०० मीटरवर दम तोडतो, पण एसजीचा ८.४ मि.मी.चा मोठा छर्रा साडेसहाशे मीटरपर्यंत पोचू शकतो. एसजीच्या काडतुसात आठ-नऊ आणि त्याहून मोठ्या छर्ऱ्यांच्या एलजी काडतुसात सहा-सात छर्रे असतात. चाळीस मीटरवर त्यांतला एखादाच निशाणावर लागतो आणि बाकीचे पुढे जातात. साध्या नळीतून छर्रे मीटरमागे सुमारे अडीच सेंटिमीटर पसरतात. दोन मीटरच्या आत ते पसरतच नाहीत, एकच गठ्ठा होऊन आत जातात. अशी जखम कोणत्याही रायफलीच्या जखमेहून भयानक असते. तेव्हा 'छर्ऱ्यानं माणूस मरत नाही' हे म्हणणे अंतर विचारल्याशिवाय निरर्थक आहे.

लग्नात, वरातीत हवेत टाकलेला बार हा त्याच भ्रमाचा भाऊ. सरळ वर गेलेली रायफलीची गोळी परतताना हवेच्या अडथळ्याने सेकंदाला ९० मीटरच्या आसपास वेग धरते. हे अमेरिकेत १९२०च्या सुमारास प्रत्यक्ष चाचण्या घेऊन मोजले गेले. कातडी आणि कधी कवटी भेदायला एवढा वेग पुरतो. त्यातून हात कधी काटकोनात नसतो. तिरकी सुटलेली गोळी वेग टिकवून येते. २०१९च्या दुरुस्तीने शस्त्र अधिनियमात अशा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा ठेवली आहे.

आणखी काही प्रवाद

'गोळी लागली की माणूस मागे उडतो' हे सिनेमाचे देणे. टू-टूच्या गोळीचा संवेग (वजन गुणिले वेग) साठ किलोच्या माणसाला सेकंदाला दीड सेंटिमीटरही ढकलत नाही, बारा बोअरचा पूर्ण भार वीसेक सेंटिमीटर. माणूस पडतो तो घाबरून, पायातले बळ जाऊन किंवा मज्जारज्जू तुटून. झाडणाऱ्याच्या खांद्याला बसलेला धक्का आणि लागणाऱ्याला बसलेला धक्का जवळपास सारखाच असतो, हे लक्षात घेतले तरी हा प्रवाद संपतो.

'बावीसची गोळी अंगात फिरत राहते' याला अर्धा आधार आहे. मंद गोळी कवटीत शिरली आणि बाहेर पडायला जोर उरला नाही, तर कवटीच्या आतल्या बाजूवर आपटून वळू शकते. छाती-पोटात ती हाडावर आपटून दिशा बदलते, एवढेच. ठोकर संपली की थांबते. रक्तातून हिंडत ती हृदयाकडे निघत नाही. मोठ्या रक्तवाहिनीत छर्रा शिरून प्रवाहाबरोबर वाहत गेल्याच्या घटना वैद्यकात नोंदल्या आहेत, पण त्या फार विरळ.

'इन्सासची गोळी मुद्दामच जखमी करण्यासाठी बनवली, एक जखमी झाला की दोघे त्याला उचलायला लागतात' ही कथा पोलीस-भरतीची तयारी करणारी पोरे हमखास सांगतात. ५.५६ मि.मी.कडे वळण्याचे कारण वजन आणि नेम हे होते. १९५२ मधील एका अमेरिकी लष्करी अभ्यासाने दाखवले की पायदळाची चकमक बहुतेक तीनशे यार्डांच्या आत होते आणि जड गोळीची तिथे गरज नसते. ५.५६चे काडतूस १२ ग्रॅमचे, त्याआधीच्या ७.६२ मि.मी.च्या नाटो रायफल काडतुसाचे २४. त्याच ओझ्यात दुप्पट काडतुसे मावतात आणि धक्काही कमी. ही गोळी मांसात आडवी होते, वेग पुरेसा असेल तर तुटते, आणि तिची जखम 'सौम्य' म्हणण्यासारखी नसते. वेग घटलेला असेल किंवा गोळी सरळच पार गेली तर जखम अरुंद राहते. एकाच गोळीविषयी दोन टोकांचे अनुभव ऐकू येतात ते यामुळे.

जखमेत गोळी राहिली तर

'गोळी झाडताना तापते, तेव्हा जंतू मरतात' हे खोटे. तेवढ्या क्षणात ती निर्जंतुक होत नाही, शिवाय कपड्याचा धागा आणि मळ आत ओढून नेते. धनुर्वाताचे इंजेक्शन म्हणूनच लागते. 'गोळी काढलीच पाहिजे, नाहीतर शिसे भिनते' हेही सरसकट खरे नाही. मांसात रुतलेली गोळी बहुधा तशीच ठेवतात. सांध्यात, डोळ्यात किंवा मज्जारज्जूलगत असेल तर काढण्याचा विचार होतो, कारण सांध्याच्या पाण्यात शिसे खरोखर विरघळते. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९१२ साली छातीत बसलेली गोळी घेऊन १९१९ पर्यंत जगले. अमेरिकेचेच राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांची गोळी शोधायला १८८१ साली डॉक्टरांनी न धुतलेली बोटे जखमेत घातली, आणि अडीच महिन्यांनी ते पू होऊन गेले. चिमटा तापवून गोळी उकरणाऱ्या गावठी इलाजाची गत यापेक्षा वेगळी होत नाही.

हातापायाच्या जखमेवर स्वच्छ कापड थेट दाबून धरावे. खोल असेल तर कापड आत कोंबून दहा मिनिटे न उचलता दाबावे. उचलून पाहण्यानेच गुठळी सुटते. तरीही रक्त उसळत असेल तर जखमेच्या वर चार बोटे, सांधा टाळून, दुपट्ट्याची रुंद पट्टी बांधावी, गाठीत काडी घालून रक्त थांबेपर्यंत पिळावी आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवावी. दोरी, तार किंवा नाडा वापरू नये, ती मांस कापते. हळद, चुना, तंबाखू, चहापत्ती जखमेत भरू नये. पोटाच्या जखमेत पाणीही पाजू नये. १०८ची रुग्णवाहिका बोलावताना 'गोळी लागली' असे स्पष्ट सांगावे. जिथे शस्त्रक्रिया आणि रक्तपेढी दोन्ही आहेत तिथे थेट पोचणे महत्त्वाचे; प्राथमिक आरोग्य केंद्रापासून एकेक पायरी चढत गेल्यास त्यातच वेळ जातो.

दवाखान्यात रुग्ण पूर्ण उघडा करून काख, जांघ, पाठ आणि केसांतही भोके मोजतात. अंगावरची भोके आणि एक्स-रेमधल्या गोळ्या यांची बेरीज सम यायला हवी. विषम आली तर काहीतरी नजरेतून सुटले आहे. छर्ऱ्यांच्या जखमेत हा हिशेब लागू पडत नाही. शिरल्याचे भोक लहान आणि निघाल्याचे मोठे असा नियमही नाही, म्हणून नोंदीत तर्क न लिहिता माप आणि जागा लिहावी. विनापरवाना बंदूक असली की नातेवाईक 'काटा घुसला', 'फांदी लागली' असे सांगतात; त्यातून एक्स-रे उशिरा होतो. पोलिसांच्या कागदांसाठी उपचार अडवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात १९८९ साली स्पष्ट केले आहे. कपडे कापताना भोकावरून कात्री चालवू नये. ते वाळवून कागदी पिशवीत ठेवावेत, प्लॅस्टिकमध्ये ते कुबट होतात.

काडतूस न उडणे, बार फुसका जाणे

टू-टूच्या काडतुसात टोपी वेगळी नसते; पेटणारा मसाला पुंगळीच्या कडेत भरलेला असतो. कडेच्या एखाद्या भागात तो पोचला नसेल तर घोडा आपटूनही बार होत नाही. अशा वेळी नळी सुरक्षित दिशेला धरून किमान तीस सेकंद थांबावे, मगच काडतूस काढावे. क्वचित उशिरा पेट घेतो. आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर गोळी नळीत अडकलेली असू शकते. नळीतून आरपार पाहिल्याशिवाय दुसरा बार टाकल्यास नळी फुगते किंवा फाटते. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यातल्या दमट पावसाळ्यात कागदी काडतुसे फुगून चेंबरमध्ये अडकतात, त्यांना ठोकून बसवू नये. भरमारीत तर दारूचे माप अंदाजाचे, छर्ऱ्यांच्या जागी सायकलचे बॉल नि लोखंडी तुकडे. अशी बंदूक फुटू शकते, म्हणून तिच्या पुढे कोण आहे याइतकेच मागे कोण आहे हेही महत्त्वाचे ठरते.

परवाना आणि वन्यजीव

बंदुकीचा परवाना असला तरी रानडुक्कर किंवा रोही मारण्याची मुभा आपोआप मिळत नाही. २०२२च्या दुरुस्तीनंतर दोन्ही प्राणी वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत आहेत, आणि उभ्या पिकाला धोका असल्यास कलम ११ खाली वनविभागाच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. अभयारण्यात किंवा त्याच्या दहा किलोमीटर परिसरात राहणाऱ्या परवानाधारकाने कलम ३४ नुसार वनविभागाकडे नोंद करायची असते, आणि त्या पट्ट्यात नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या संमतीखेरीज मिळत नाही. टिपेश्वर, बोर, नागझिरा, मेळघाट यांच्या भोवतालची कितीतरी गावे या अटीत येतात.