गोव्यात घर-जमीन नावावर करताना अर्ज नेमका कुठे अडतो

एक-चौदाच्या (जमिनीच्या सर्व्हे नोंदीच्या) उताऱ्यावर नाव आहे म्हणजे मालकी झाली, हा समज आधी सोडा. तो उतारा कब्जेदार, कूळ, क्षेत्रफळ आणि सर्व्हे नंबर सांगतो. त्यातली नोंद चुकीची ठरेपर्यंत खरी धरतात, एवढंच त्याचं वजन. मालकी दाखवायला दस्त लागतो: विक्रीखत, बक्षीसपत्र किंवा वाटणीचा न्यायालयीन निकाल. पोर्तुगीज काळातल्या मालमत्तेचा डिस्क्रिप्शन नंबर (तेव्हाच्या जमीन नोंदणीतला क्रमांक) आणि मात्रिज नंबर शोधून ठेवा. मात्रिज मात्र कराची नोंद आहे, मालकीची नव्हे.

सगळ्यात जास्त घोळ सह्यांचा. गोव्यात वेगळा विवाहपूर्व करार नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, वारशाने आलेलीसुद्धा. म्हणून भावाने सही केली तरी वहिनीची हवी. लग्न होऊन मुंबईला गेलेल्या बहिणीची आणि तिच्या नवऱ्याचीही हवी, कारण मुलगी मुलाइतकीच वारस. "तिला काही नको, ती बोलणार नाही" हे उपनिबंधकांसमोर चालत नाही. नको असेल तर दोघांनी हक्कसोड लिहून द्यावी.

वारस कोण, हे सिद्ध करायला विशेष नोटरीसमोर सक्सेशन डीड करावं लागतं. हे काम उपनिबंधक कचेरीतच होतं. २०१२ चा उत्तराधिकार कायदा २०१६ पासून लागू आहे. आजोबांचा मृत्यू दाखला, सगळ्यांचे जन्म आणि विवाह दाखले जमवताना खरी परीक्षा. पोर्तुगीज कागदावर आडनावाचं स्पेलिंग एक, आधारवर दुसरं. दोन्ही नावं एकाच माणसाची, असं प्रतिज्ञापत्र आधीच करून घ्या. खिडकीवर कळलं तर पुढच्या खेपेला आणखी एक कागद मागतीलच. आणि सक्सेशन डीड म्हणजे वाटणी नव्हे! वारसांचं वाटणीवर एकमत नसेल तर दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी करून घेण्याचं प्रकरण, दाखल करावी लागते.

नोंदणीची मुदत दस्तावर सही झाल्यापासून चार महिने, पैसे दिल्यापासून नाही. त्यानंतरही काही काळ दंड भरून दस्त घेतात, पण तो नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत जातो. आखातात किंवा लंडनला असलेल्यांचं मुखत्यारपत्र आलं की इथे आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरा. कपाटात ठेवून विसरलेली मुखत्यारपत्रं पाहून आता राग येणंही बंद झालं आहे.

नोंदणी, मुद्रांक शुल्क, अंगठा, फोटो हे सगळं सरळ आहे. विकणारा भारतातला रहिवासी असेल आणि व्यवहार पन्नास लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदाराने एक टक्का टीडीएस कापायचा.

दस्त हातात आला की लोक घरी जाऊन निवांत बसतात. म्युटेशन, म्हणजे उताऱ्यावरचं नाव बदलणं, वेगळं! गावातल्या जमिनीसाठी मामलेदार कचेरी, शहरी सर्व्हेत असेल तर सर्व्हे खात्याचं कार्यालय. हितसंबंधितांना नोटीस जाते. कोणी हरकत घेतली तर सुनावणी, आणि तिथे वेळ किती जाईल याचा भरवसा नाही. घरपट्टी पंचायतीत किंवा नगरपालिकेत स्वतंत्र अर्ज करूनच बदलते.

मोठ्या जागेतला तुकडा घेत असाल तर नगर नियोजन खात्याचा ना-हरकत दाखला नसताना दस्त नोंदला जात नाही. भातशेती असेल तर शेतकरी नसलेल्याला ती विकण्यावर २०२३ च्या कायद्याने बंदी आहे. बयाणा देण्याआधी उताऱ्यावर कूळ आहे का आणि जागेत मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीत मालकाच्या संमतीने घर करून राहणाऱ्याचं) घर आहे का, तेही पाहा.