बेकारी भत्ता आणि मालकाची सही

ईएसआयचा, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेचा, बेकारी भत्ता म्हटलं की बऱ्याच जणांना वाटतं हे कोरोनात आलं. तसं नाहीये, गोष्ट बरीच जुनी आहे.

ईएसआयचा कायदा 1948 चा, पण त्यात आजारपण, बाळंतपण, कामावरचा अपघात हेच होतं, नोकरी गेली तर काय यावर गप्प. घटनेच्या कलम 41 मध्ये बेकारीत सरकारने मदत करावी असं लिहिलंय खरं, पण ते मार्गदर्शक तत्त्व, कोर्टात जाऊन मागता येत नाही.

मग 1953 ला कापड गिरण्यांमध्ये माल पडून राहिला, ले-ऑफ, म्हणजे काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवणं, सुरू झाले आणि सरकारने औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती केली. ले-ऑफच्या दिवसांची मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई, आणि कायमचं कमी केलं तर नोकरीच्या दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार. पण अट बघा, ले-ऑफचे पैसे हवेत तर दिवसातून एकदा तरी ठरलेल्या वेळेला कामावर हजर व्हायचं, म्हणजे आत काम नाही हे माहीत असताना डबा घेऊन गेटवर जायचं आणि तोंड दाखवून परत यायचं! बदली कामगाराचं, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी येणाऱ्याचं, वर्ष भरलं नसेल तर त्याला तेही नाही. आणि हे सगळं मालकाच्या खिशातून, मालकच बुडाला की संपलं.

गावाकडे रोजगार हमीच्या 1977 च्या कायद्यात 15 दिवसांत काम नाही दिलं तर भत्ता, असं होतं. तो मिळालेला माणूस मला अजून भेटायचाय.

विम्याच्या पैशातून भत्ता आला तो 1 एप्रिल 2005 ला, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेतून. निम्मा पगार, पण कारखाना बंद पडला, कायदेशीर कामगार कपात झाली किंवा कायमचं अपंगत्व आलं तरच, आणि सुरुवातीला पाच वर्षांची वर्गणी हवी. आता आपल्याकडे कागदावर कपात होते कुठे? भोसरीतल्या माझ्या मित्राला 2012 मध्ये केबिनमध्ये बोलावलं, कोरा कागद पुढे सरकवला, राजीनामा लिही म्हणजे हिशेब आजच देतो म्हणाले. त्याने लिहिला. राजीनामा म्हणजे कपात नाही, मग भत्ता कसला.

1 जुलै 2018 पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आली. पगाराच्या 25 टक्के, जास्तीत जास्त 90 दिवस, तेही आयुष्यात एकदाच. नोकरी गेल्यावर 90 दिवस थांबायचं आणि अर्ज जुन्या मालकामार्फत, म्हणजे ज्याने काढलं त्याच्याच दारात परत! 2020 मध्ये लॉकडाऊनने हे बदलायला लावलं. 50 टक्के, 30 दिवसांनी अर्ज, थेट ईएसआयच्या ब्रँच ऑफिसला किंवा ऑनलाइन, मालकाची सही नको, आणि नोव्हेंबरात ॲफिडेव्हिटची अटही गेली. पगार 15 हजार असेल तर दिवसाचे 250, 90 दिवसांचे 22,500, आधीच्या दराने 11,250 च मिळाले असते. गैरवर्तनासाठी काढलेल्यांना आणि व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेतलेल्यांना मात्र यातही काही नाही.

मित्राची नोकरी 2020 ला परत गेली, यावेळी राजीनामा न मागता. पण तोवर पगार 24 हजार झालेला आणि ईएसआयची पगाराची मर्यादा 21 हजार.